नंबर गेला, डोळा तोच

मुळशीच्या पावसात चष्मा असून नसल्यासारखाच. ताम्हिणीकडून झड आली की काचेवर बाहेरून थेंब, आतून वाफ, आणि पुसायला काढावा तो पदर किंवा रुमाल आधीच चिंब. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. माणदेशातल्या काही गावांत वर्षभरातही एवढा पडत नाही. भातलावणीला चिखलात ओणव्या उभ्या असलेल्या बाईचा चष्मा नाकावरून घसरतो, तेव्हा तो वर सारायला हात मोकळा नसतो. एका हातात आवण, दुसरा कोपरापर्यंत चिखलाचा. शेवटी चष्मा कमरेला खोचून ती अंदाजाने लावत जाते.

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी. बाहेरच्यांना पटत नाही, पण ते आयटी पार्क, माण, मारुंजी हे सगळं महसुली हिशेबाने मुळशीतच मोडतं. तिथल्या पोरांना पावसाचा त्रास कमी, पण एसीत दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून स्क्रीनकडे बघितलं की संध्याकाळी डोळे लाल होऊन खुपायला लागतात. मी मध्ये, पिरंगुटला राहतो. लेझर करून घेऊन बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे दोन्ही टोकांचे लोक मला विचारतात, "नंबर जातो म्हणे, करून टाकू का?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी म्हणतो, आधी मोजून या. या ऑपरेशनात डॉक्टरच्या हाताइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व आहे ते आदल्या तपासणीला. आणि 'तुम्हाला नको' असं सांगणारा डॉक्टर मिळाला तर फी वाया गेली असं समजू नये.

नंबर जातो म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. प्रकाश वळवण्याची डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातली दोन तृतीयांश बाहेरच्या पारदर्शक पटलाची, म्हणजे कॉर्नियाची. उणे नंबरचा डोळा बहुतेक वेळा मागे-पुढे लांबट असतो, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते. लेझर ही लांबी कमी करत नाही, पडद्याला हातही लावत नाही. कॉर्नियाचा मधला भाग तेवढा थोडा सपाट करतो, की प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. चष्म्याची काच जे काम बाहेरून करत होती, ते बुबुळावर कायमचं कोरून ठेवायचं, एवढाच हा खेळ.

हे कोरीवकाम शक्य करणाऱ्यांत एक मद्रासचा माणूस आहे. रंगस्वामी श्रीनिवासन, जन्म १९२९. मद्रास विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला श्रीनिवासनांकडे टर्की शिजली. दुसऱ्या दिवशी उरलेलं घेऊन ते कामावर गेले. सणाचं उरलेलं आपल्याकडेही दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातं, पण डब्यातून. यांचं गेलं लेझरखाली. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेझरने टर्कीच्या कूर्चेवर स्वच्छ खाच पाडली आणि आजूबाजूचा भाग भाजला नाही. हा अतिनील किरण ऊतीतल्या रेणूंचे बंध तोडून वरचा थर उडवतो, आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत काम झालेलं असतं. पुढे त्यांनी माणसाच्या केसावर आयबीएम ही अक्षरं कोरून दाखवली. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकल यांनी श्रीनिवासन यांच्यासह हा लेझर कॉर्नियावर वापरता येतो हे मांडलं.

त्याआधी नंबर घालवायचे प्रयोग नव्हते असं नाही. मॉस्कोत फ्योदोरोव नावाचे डॉक्टर हिऱ्याच्या पात्याने कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा पाडत. कित्येकांचा नंबर गेला, पण पुढे वर्षानुवर्षं कॉर्निया सपाट होत राहिल्याने काहींना उलट अधिकचा नंबर आला. लेझर आल्यावर ते मागे पडलं. १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर पालिकारिस यांनी कॉर्नियाची एक पातळ झडप उचलून खाली लेझर मारला आणि झडप परत बसवली. आज ज्याला लॅसिक म्हणतात ते हेच. झडप आधी पात्याने कापत, आता फेम्टोसेकंद लेझरने कापतात. त्या लेझरमागच्या तंत्रासाठी मूरू आणि स्ट्रिकलँड यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अलीकडच्या स्माइल पद्धतीत झडप नसते. कॉर्नियाच्या आत एक चकती कापायची आणि तीन-चार मिलिमीटरच्या फटीतून ती ओढून काढायची.

आता हिशेब. कॉर्निया मधोमध साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. ५२० मायक्रॉन धरू. लॅसिकची झडप ११० मायक्रॉनची. उणे पाच नंबर घालवायला साधारण ७५ मायक्रॉन उडवावे लागतात. ५२० मधून ११० गेले, ४१० राहिले. त्यातून ७५ गेले, ३३५ राहिले. खालचा हा थरच पुढे आयुष्यभर डोळ्याचा दाब पेलणार. तो किमान २५० तरी राहावा हा जुना दंडक, आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात. आता याच कॉर्नियावर उणे दहा नंबर मांडून बघा, गणित तिथेच फसतं. अशा लोकांना मग डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा पर्याय सांगतात. जाडीबरोबर आकारही बघतात. रंगीत नकाशात कॉर्निया खालच्या बाजूला फुगीर दिसला तर बाकी सगळं ठीक असूनही काम थांबवतात.

कोळवण खोऱ्यातल्या एका मुलीचं असंच झालं. लहानपणापासून ऍलर्जी. उन्हाळा लागला की डोळे खाजायचे आणि ती दोन्ही मुठींनी ते चोळायची. लग्नाचं वय झालं, घरच्यांनी लेझरसाठी पैसे बाजूला काढले. तपासणीत केराटोकोनस निघाला: कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत जाणारा आजार. डोळे चोळायच्या सवयीशी त्याचं नातं आहे. अशा डोळ्यावर लेझर मारला असता तर उरलासुरला आधारही गेला असता. डॉक्टरांनी नकार दिला आणि रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाशाने कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार सुचवला. आईला ते पटेना. माझ्याकडे येऊन म्हणाली, "भाऊ, आम्ही चष्मा काढाया गेलो आन् त्यांनी आजारच हातात दिला." दुसऱ्या एका ठिकाणी, नाव नको, फोनवरच सवलतीचा दर सांगून तारीख द्यायची तयारी होती. सुदैवाने ही मंडळी गेली नाहीत. मुलगी आज चष्मा लावते आणि तिचा नंबर स्थिर आहे.

ज्यांना होकार मिळतो त्यांचं टेबलावरचं काम एका डोळ्याला काही मिनिटांचं. बधिर करणारे थेंब, पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा चाप. मग डोळ्यावर एक कडी बसते, दाब येतो, आणि थोडा वेळ समोरचं सगळं विझतं. आधी सांगितलेलं असूनही तेव्हा पोटात गोळा येतोच. झडप उचलली की समोरचा लुकलुकता दिवा पसरट, धूसर होतो. त्याच्याकडेच बघत राहायचं. यंत्राचा टकटक आवाज सुरू होतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. डोळा जळत नसतो. उडालेल्या थराचा तो वास. बुबुळ किंचित हललं तर यंत्र मागोमाग जातं, जास्त हललं तर थांबतं. उठून बसल्यावर धुक्यातूनही भिंतीवरचं घड्याळ वाचता येतं, तिथे सगळ्यांचाच आवाज थोडा चढतो.

घरी येताना काळा चष्मा. पौडच्या स्टँडवर उतरलं की हमखास कुणीतरी विचारणार, "मोतीबिंदू काढला का?" त्यांचंही चूक नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे शिबिरातून तपासले जातात आणि ऑपरेशनला ती शहरात जातात. महंमदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयाचं नाव घरोघरी माहीत. काळा चष्मा म्हणजे मोतीबिंदू, हे गणित त्यामुळे पक्कं.

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, झोपताना प्लास्टिकच्या वाट्या चिकटवायच्या. हे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सोपं. शेजारची एक मुलगी जुलैत करून आली, तिची आजी म्हणाली, "डाक्टर म्हंत्यात पाणी लागू द्यायचं नाय, आन् हितं दारात पाय ठिवला की पाऊस." शेतात राबणाऱ्याने लावणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. दिवाळीत फटाक्यांचा धूर, पाठोपाठ भाताची झोडणी आणि मळणी. तो कोंडा डोळ्यात जाणं वाईटच. मळणी उरकल्यापासून धुळवडीच्या रंगांपर्यंतचे दिवस बरे. तालमीत जाणाऱ्या आणि कबड्डी खेळणाऱ्या पोरांनी डॉक्टरला ते आधी सांगावं. लॅसिकची झडप कधीच पूर्ण पहिल्यासारखी जुळत नाही, मार लागून ती वर्षांनंतरही सरकल्याच्या नोंदी आहेत. अशांना झडप नसलेली पद्धत सुचवतात: स्माइल, किंवा जुनी पीआरके. पीआरकेत वरची नाजूक त्वचा काढून लेझर मारतात. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पण कुस्तीगिराला ते परवडतं.

त्रासांबद्दल मोकळेपणाने कुणी बोलत नाही. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जात असल्याने डोळे काही महिने कोरडे पडतात, थेंब खिशात ठेवावे लागतात. रात्री पौड रस्त्याने भूगावकडून येताना उरवड्याच्या कारखान्यांचे ट्रक समोरून आले की दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांची कमी होत जातात, माझीही झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खात्याबरोबर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी वलयं, तिरीप, दुहेरी दिसणं असलं काहीच नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांनी तीन महिन्यांनी यातलं काहीतरी नव्याने होत असल्याचं सांगितलं. त्यामुळे रोजची कामं फारच अवघड झाली असं म्हणणारे मात्र एक टक्क्याहून कमी, आणि ऑपरेशनवर नाराज असलेले एक-दोन टक्के. सगळे आकडे खरे आहेत. जाहिरातीत नंतरचे असतात, पहिला नसतो.

लोक हे करतात कशासाठी? वधूवर सूचक केंद्राच्या फॉर्मवर गोत्र, मंगळ यांच्याबरोबर 'चष्मा : आहे / नाही' असा रकाना असतो, हे एक मोठं कारण आहे आणि ते मला मनापासून खटकतं. लेझरने आईचा कॉर्निया बदलतो, आनुवंशिकता बदलत नाही. पोराला चष्मा लागायचा तो लागतोच. दुसरं कारण भरती. प्रत्येक दलाचे नियम वेगळे आणि बदलणारे, म्हणून जाहिरात वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू नये. शेजारच्या खडकवासल्याला एनडीएत जाऊ पाहणाऱ्या कोवळ्या मुलाने लेझर केलं तर त्याचं दार बंद होतं. पदवीनंतर सीडीएसमधून जाणाऱ्याला चालतं, पण ऑपरेशन विशीनंतरचं, वर्षभर जुनं आणि उरलेला कॉर्निया ४५० मायक्रॉनहून कमी नसलेला हवा. ही जाडी झडपेसकट मोजतात, तरी वरच्या हिशेबातल्या ५२० मधून ७५ गेले की तो डोळा यात बसत नाही. आणि खर्चाचं, खास हिंजवडीकरांसाठी: आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत साडेसात डायॉप्टरखालच्या नंबरचा उपचार वगळलेला आहे. कित्येक हजारांपासून लाखाच्या वर जाणारा हा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो.

वयाचाही विचार हवा. अठराच्या आत नाही, नंबर वर्षभर थांबलेला हवा, गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नाही. चाळिशी उलटलेले एक मास्तर उणे दीड नंबर काढायला निघाले होते. त्यांना विचारलं, पेपर कसा वाचता? म्हणाले, चष्मा काढून. तो नंबर काढला असता तर लांबचा चष्मा जाऊन जवळचा आला असता, आणि कुणी हाक मारल्यावर सुईत दोरा ओवून द्यायची त्यांची घरातली पत गेली असती. त्यांनी बेत रद्द केला.

नंबर गेल्यावरही मोठ्या नंबरचा डोळा आतून लांबच राहतो. पडदा ताणलेला, फाटायची शक्यता तेवढीच. अचानक काळे ठिपके वाढले, कोपऱ्यात वीज चमकल्यागत झालं, तर 'माझा तर नंबरच नाही' म्हणून घरी बसू नये. वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा.

आणि कागद. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत कोणत्या ताकदीचं भिंग बसवायचं हे कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेझर केलेल्या डोळ्यात ते नेहमीचं सूत्र चुकतं, म्हणून डॉक्टर ऑपरेशनआधीचा नंबर आणि मोजमापं मागतात. तीस वर्षांनी ते रुग्णालय, तो संगणक असेलच असं नाही. ती फाइल सातबारा आणि फेरफाराच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि पेटीची किल्ली कुठे असते ते घरातल्या धाकट्यांनाही सांगून ठेवा.