बकरी कोठ्यात कशी राहील?

घाटंजीच्या भागात कापूस आणि तूर ही मुख्य पिके. ज्याचे वावर बऱ्यापैकी आहे, त्याच्या दारात बैलजोडी दिसते. ज्याचे वावर लहान आहे, किंवा वावरच नाही, त्याच्या दारात दोन-चार बकऱ्या असतात. पोराची फी, म्हाताऱ्याचे दुखणे, पोरीचे लग्न, अशी नड आली की एखादा बोकड बाजारात जातो आणि वेळ निभावते. म्हणूनच बकरीला गरिबाची गाय म्हणतात.

पण गाईत आणि बकरीत एक फरक आहे. गाईला दावे लावले की ती रवंथ करीत बसते. बकरीला दावे लावले की ती दाव्याचा विचार करीत बसते!

बकरी सुटली तर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. शेजारीण दारात येऊन उभी राहते. "अवो वयनी, तुमच्या बकरीनं माही सारी तूर छाटून टाकली ना!" भांडण इथे सुरू होते आणि कधी कधी दोन पिढ्या चालते. हे दुखणे जुने आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा केला, त्यात गाई-म्हशींबरोबर बकरी आणि तिचे पिल्लूसुद्धा मोजले होते. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, असे त्यात लिहिले होते.

भांडण मिटते. पण विष मिटत नाही. पऱ्हाटीवर औषध फवारलेले असते. ते औषध किती जहरी असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१७ साली फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. मग त्या पऱ्हाटीचा पाला पोटभर खाणाऱ्या बकरीचे काय होणार? तिच्या तोंडाला फेस येतो, अंग थरथरते. घरगुती उपायांत वेळ न घालवता तिला ताबडतोब जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. नाल्याकाठी बेशरम वाढते, तेही विषारीच. एकदा चटक लागली की बकरी पुन्हा पुन्हा तिकडेच जाते, आणि हळूहळू तिचे पाय लुळे पडतात. अंगणातली कण्हेर तर थोडी खाल्ली तरी घात करते.

शिवाय आपला मुलूख जंगलाचा. टिपेश्वरचे अभयारण्य घाटंजी आणि पांढरकवड्याच्या शिवारांना लागून आहे. तिथे वाघ आहेत, बिबटेही आहेत. संध्याकाळी बाहेर राहिलेली बकरी सकाळी सापडेलच, याचा भरवसा धरू नये.

आता पाहू, बकरी पळते का? पुष्कळ लोक म्हणतात, जातच खोडकर. आम्हांला हे पटत नाही. बकरी कारणाशिवाय पळत नाही. पहिले कारण पोट. गाय खाली मान घालून गवत खाते. बकरीला मान वर करून पाला ओरबाडायला आवडते. कोठ्यात नुसता सुका कडबा जमिनीवर टाकला, तर ती त्यात पाय देते, मुतते, आणि मग तोंड लावत नाही. भुकेली राहते आणि वाट शोधते. दुसरे कारण एकटेपण. बकरी कळपाचे जनावर आहे. एकटी बकरी दिवसभर ओरडते आणि दुसऱ्याच्या कळपात जाऊन मिसळते. तिसरे कारण माज. दर १८ ते २१ दिवसांनी बकरी माजावर येते आणि एक-दोन दिवस तशी राहते. शेपूट हलवते, ओरडते, खाणे सोडते. त्या दिवसांत तिला कोणतेही कुंपण ठेंगणेच.

चौथे कारण आपल्याच लाडाचे. आई मेलेले पिल्लू घरात आणतात. लेकरे त्याला बाटलीने दूध पाजतात, मांडीवर घेतात, चुलीजवळ निजवतात. पुढे ते मोठे होते आणि आपण त्याला कोठ्यात कोंडतो. त्याला कोठा परका वाटतो, घर आपले वाटते. अशी हौसेची बकरी सर्वांत जास्त पळते, आणि ती पळून वावरात जात नाही, थेट स्वयंपाकघरात येते. म्हणून अशा पिल्लाला बाटली पाजावी, पण निजवावे दुसऱ्या पिल्लांबरोबर.

आता कोठा. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण आपल्याकडे सर्रास घालतात. गाई-बैलांना ते पुरते. बकरीला नाही. कुंपणानेच शेत खाल्ले, अशी म्हण आहे. इथे बकरीच कुंपण खाते! पाला खाते, कोवळी साल सोलते, आणि भोक पडले की मान घालते. पऱ्हाटीचा आणि तुराट्यांचा कूडही ती शिंगाने उसकटते. त्यापेक्षा बांबूच्या उभ्या काठ्या जवळ जवळ ठोकाव्यात आणि बाहेरून आडव्या बांधाव्यात. आडव्या काठ्या आतून बांधल्या तर आपणच तिला शिडी करून दिली, असे समजा. उंची पाच फूट तरी असावी. दोन काठ्यांमध्ये चार बोटांपेक्षा जास्त फट नसावी. शिंगाची बकरी मोठ्या फटीत डोके घालते, पण तिला ते मागे काढता येत नाही, आणि तिथेच धडपडून जीव जातो. तारेची जाळी लावायची तर तीही बारीक घराची घ्यावी. बुडाशी दगडांची ओळ लावावी, कारण पिल्ले खालून निघतात.

कोठ्याच्या आत कुंपणाजवळ काही ठेवू नये. उखळ, मोडकी बाज, शेणाचा ढीग, बैलगाडीचे जू, काहीही असो. त्यावर पाय देऊन ती पलीकडे उडी मारते. चढायची हौस तिला असतेच. ती पुरवायची असेल तर एक मोठा दगड किंवा लाकडाचा ओंडका कोठ्याच्या मधोमध टाका. बकऱ्या दिवसभर त्यावर चढतील, उतरतील, एकमेकींना ढकलतील.

फाटक आत उघडणारे करावे. बाहेर उघडणारे असले की चार बकऱ्यांनी अंग टाकले की झाले. आत उघडणारे असले तर त्यांनी ढकलले की ते जास्तच घट्ट बसते. नुसती दोरी बांधू नये, ती बकरी चघळते. साधी कडीही ओठांनी उचलते. कडीत खिळा किंवा साखळी घालावी, तीही बाहेरच्या बाजूने.

रात्रीच्या जागेला वर टिन किंवा मजबूत छप्पर हवे. बिबट्याला पाच फूट म्हणजे काहीच नाही. एका मोठ्या बकरीला छपराखाली १२ चौरस फूट जागा लागते, आणि मोकळे आवार त्याच्या दुप्पट. जमीन उंच आणि कोरडी असावी. ओल्यात बकरी उभी राहते, बसत नाही, आणि खुरे सडतात. एक गोष्ट बजावून सांगतो. कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडू नका. त्याने माणसे मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

चारा जमिनीवर न टाकता पेंडी करून टांगावा. बोर, सुबाभूळ, अंजन, वड, पिंपळ, जे मिळेल ते. मोठ्या बकरीला रोज तीन-चार किलो हिरवा पाला आणि किलोभर सुका चारा दिला की निम्मे पळणे तिथेच थांबते. नर पिल्ले तीन महिन्यांची झाली की वेगळी करावीत.

दिवसा बाहेर बांधायची असेल तर दाव्याला भोवरकडी लावावी, म्हणजे गोल फिरणारी कडी. तिच्यामुळे पीळ बसत नाही. ओढली की आवळते अशी गाठ गळ्याला देऊ नये. भिंतीजवळ, कुंपणाजवळ किंवा विहिरीजवळ बांधू नये. बकरी पलीकडे उडी मारते आणि लटकते. काही जण फार पळणाऱ्या बकरीच्या गळ्यात तीन काठ्यांचा त्रिकोण घालतात. त्याने ती फटीतून निघू शकत नाही, हे खरे. पण झुडपात अडकली तर सुटतही नाही. कोणी राखायला असेल तेव्हाच तो घालावा आणि रात्री काढावा.

इतके करूनही एखादी सुटतेच. तेव्हा मागे धावू नका, आणि पोरांनाही धावू देऊ नका. धावले की ती पुढे पळते, आणि घाबरली तर थेट वावरात शिरते. रोज ज्या डब्यातून दाणे देता, तो डबा वाजवा. कळपातली म्हातारी बकरी आधी वळवा, बाकीच्या तिच्यामागून येतात. ती कोठून निघाली ती जागा दिवेलागणीच्या आत शोधून बुजवा, कारण उद्या ती आधी तिथेच जाईल. मग पिंपळाची एक डहाळी हातात घ्या आणि तिच्यापुढे चालत आपणच कोठ्यात शिरा. ती मागून येते.