अमेरिकेतील युद्धाधिकार : घटनेतील तरतूद आणि व्यवहारातील उलट

युद्ध सुरू करण्याचा अधिकार राज्यसंस्थेच्या कोणत्या अंगाकडे असावा, हा राज्यशास्त्रातील एक जुना प्रश्न होय. अमेरिकेच्या राज्यघटनेने त्याचे उत्तर लेखी स्वरूपात दिले आहे. तथापि त्या देशात या प्रश्नाचा वाद अद्याप मिटलेला नाही. ही विसंगती कशी उत्पन्न झाली, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. विवेचनाच्या अखेरीस लेखकाने आपले मतही नमूद केले आहे.

घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमान्वये युद्ध घोषित करणे, सैन्य उभारणे, आरमार ठेवणे व त्यासाठी द्रव्य मंजूर करणे हे अधिकार काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह व सिनेट मिळून होणाऱ्या विधिमंडळाला, दिले आहेत. दुसऱ्या अनुच्छेदान्वये अध्यक्ष हा सैन्याचा व आरमाराचा सरसेनापती आहे. १७८७ च्या फिलाडेल्फिया येथील घटनापरिषदेपुढे आलेल्या मसुद्यात काँग्रेसने युद्ध ‘करावे’ अशा अर्थाचा शब्द होता. मॅडिसन व गेरी यांच्या सूचनेवरून त्या जागी ‘घोषित करावे’ असा बदल झाला. अकस्मात हल्ला झाल्यास तो परतविण्याची मुभा अध्यक्षास राहावी, एवढाच या दुरुस्तीचा हेतू होता. एकट्या माणसाच्या निर्णयाने राष्ट्र युद्धात ओढले जाऊ नये, ही घटनाकारांची दृष्टी त्या चर्चेतून स्पष्ट होते. युरोपातील राजांची उदाहरणे त्यांच्या डोळ्यांपुढे ताजी होती.

या तरतुदीनुसार काँग्रेसने पाच युद्धांत मिळून अकरा युद्धघोषणा केल्या. १८१२ साली ब्रिटनविरुद्ध, १८४६ साली मेक्सिकोविरुद्ध, १८९८ साली स्पेनविरुद्ध आणि नंतर दोन्ही महायुद्धांत त्या झाल्या. शेवटची घोषणा जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया यांच्याविरुद्ध झाली. त्यानंतरच्या आठ दशकांत अमेरिकन सैन्य कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान अशा अनेक ठिकाणी लढले. परंतु यांपैकी एकाही संघर्षापूर्वी औपचारिक युद्धघोषणा झाली नाही.

पूर्वीचे अध्यक्ष घटनेच्या मर्यादेत काटेकोरपणे वागत होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १८४६ साली अध्यक्ष पोक यांनी वादग्रस्त सीमाप्रदेशात सैन्य पाठवून चकमक घडेल अशी परिस्थिती निर्माण केली आणि मग काँग्रेसकडे घोषणेची मागणी केली. पहिले रक्त नेमक्या कोणत्या भूमीवर सांडले, याचा जाब प्रतिनिधिगृहात विचारणाऱ्यांत अब्राहम लिंकन हे तरुण सभासद होते. पण पोक यांनाही काँग्रेसकडे जावे लागले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मोठे खडे सैन्य त्या काळी अध्यक्षाच्या हाताशी नव्हते, त्यामुळे काँग्रेसच्या संमतीवाचून दीर्घ युद्ध चालविणे जवळजवळ अशक्य होते. घटनेतील अक्षरांना या वस्तुस्थितीचे पाठबळ होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही वस्तुस्थिती बदलली. सोव्हिएट रशियाशी चाललेल्या शीतयुद्धामुळे प्रचंड सैन्य व जगभर पसरलेले लष्करी तळ कायमचे झाले. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद व मध्यवर्ती गुप्तहेर संस्था अध्यक्षाच्या दिमतीस दिल्या. जून १९५० मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसच्या मतदानाची वाट न पाहता कोरियात सैन्य उतरविले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीचा ठराव हा त्यांचा आधार होता, आणि या कारवाईला ‘युद्ध’ न म्हणता पोलिसी कारवाई म्हणण्यात आले. तीन वर्षे चाललेल्या या कारवाईत सुमारे ३६,००० अमेरिकन सैनिक मृत्यू पावले. याच संघर्षाच्या काळात ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती कृती अवैध ठरविली. म्हणजे देशांतर्गत मालमत्तेच्या प्रश्नावर न्यायालयाने अध्यक्षास अडविले. खुद्द युद्धाच्या वैधतेत मात्र ते शिरले नाही. पुढेही न्यायालयांनी बहुधा हेच धोरण ठेवले.

यानंतर ‘अधिकारपत्र देणारा ठराव’ हा प्रकार रूढ झाला. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन नौकांवर दोन हल्ले झाल्याचे सांगण्यात आले. त्यावरून अध्यक्ष जॉन्सन यांना आग्नेय आशियात आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा देणारा ठराव प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य व सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला. मॉर्स व ग्रूनिंग हे दोनच सिनेटर विरोधी गेले. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आता इतिहासकारांनी मान्य केले आहे. त्या ठरावाच्या बळावर १९६८ पर्यंत व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक सैन्य गेले आणि युद्धाच्या अखेरीस मृत अमेरिकन सैनिकांची संख्या ५८,००० वर पोहोचली. व्हिएतनामी जनतेची हानी याच्या कित्येक पट होती.

या अनुभवातून १९७३ चा युद्धाधिकार ठराव जन्मास आला. अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार दोन तृतीयांश बहुमताने बाजूस सारून काँग्रेसने तो कायदा केला. त्यानुसार सैन्य संघर्षात उतरविल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळविणे अध्यक्षावर बंधनकारक आहे. ६० दिवसांत काँग्रेसची संमती न मिळाल्यास कारवाई थांबवावयाची असते; सैन्य सुरक्षितपणे मागे घेण्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. शिवाय दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केल्यास, अध्यक्षाच्या स्वाक्षरीवाचूनही, सैन्य परत बोलावता यावे अशी तरतूद होती.

कायद्याची ही शेवटची बाजू दहा वर्षांतच लुळी पडली. अध्यक्षापुढे न ठेवलेल्या ठरावाला कायद्याचे बळ असू शकत नाही, असा निर्णय १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात दिला. तो खटला परदेशी व्यक्तीच्या हद्दपारीविषयी होता. परंतु त्यातील तत्त्व युद्धाधिकारासही लागू पडते असे सर्वसाधारणपणे मानले गेले. परिणामतः युद्ध थांबविण्याच्या ठरावावर अध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतो, आणि तो मोडण्यास दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. मूळ घटनेप्रमाणे युद्धात उतरण्यासाठी दोन्ही सभागृहांचे बहुमत लागत होते. आता युद्ध चालू ठेवण्यास शंभरांपैकी ३४ सिनेटर पुरेसे आहेत. सिद्ध करण्याचा भार अशा रीतीने युद्ध मागणाऱ्यावरून युद्ध नाकारणाऱ्यावर सरकला. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

अलीकडील घटनांतून याचा पडताळा येतो. येमेनमधील युद्धास चाललेले साहाय्य थांबविण्याचा ठराव २०१९ मध्ये, तर इराणविरुद्धच्या कारवाईस मर्यादा घालणारा ठराव २०२० मध्ये, दोन्ही सभागृहांनी संमत केला. अध्यक्ष ट्रंप यांनी दोन्हींवर नकाराधिकार वापरला. तो मोडण्यासाठी सिनेटमध्ये पहिल्या वेळी ५३ विरुद्ध ४५ व दुसऱ्या वेळी ४९ विरुद्ध ४४ मते पडली. बहुमत असूनही दोन्ही ठराव पडले. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेने बाँबहल्ले केल्यावर आलेल्या अशाच ठरावाला सिनेटमध्ये ४७ च मते मिळाली.

हा दोष एका पक्षाचा नाही. २०११ साली लिबियातील हवाई मोहीम ६० दिवसांपलीकडे गेली, तेव्हा ओबामा शासनाने ती कायद्यातील ‘संघर्ष’ या शब्दाच्या व्याख्येतच बसत नाही असा युक्तिवाद केला. सप्टेंबर २००१ मध्ये संमत झालेल्या अवघ्या साठ शब्दांच्या अधिकारपत्राचा आधार तर दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी वीस वर्षांहून अधिक काळ घेतला, आणि तोही ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या संघटनांविरुद्ध. त्या ठरावाच्या विरोधात दोन्ही सभागृहांत मिळून एकच मत पडले होते. ते प्रतिनिधिगृहातील बार्बरा ली यांचे.

तथापि अध्यक्षांनी अधिकार बळकावले एवढेच म्हणून भागणार नाही. २८ एप्रिल १९९९ या दिवशी कोसोव्होच्या प्रश्नावर प्रतिनिधिगृहाने युद्धघोषणा प्रचंड बहुमताने फेटाळली, सैन्य मागे घेण्याची सूचनाही फेटाळली, आणि हवाई हल्ल्यांस पाठिंबा देणारा ठराव २१३ विरुद्ध २१३ अशा समसमान मतांमुळे पडला. पुढे त्याच मोहिमेसाठी द्रव्य मात्र मंजूर केले. मत नोंदवावे तर निवडणुकीत त्याचा जाब द्यावा लागतो; न नोंदविल्यास यशाचे कौतुक व अपयशाची टीका दोन्ही करण्यास सभासद मोकळा राहतो. काँग्रेसने अधिकार गमावला त्यापेक्षा तो वापरण्याचे टाळले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अण्वस्त्रांच्या युगात विधिमंडळाच्या चर्चेस वेळ नसतो, असे याविरुद्ध म्हटले जाते. हल्ला परतविण्यापुरता हा युक्तिवाद ग्राह्य आहे, आणि ती मुभा १७८७ सालीच दिलेली आहे. परंतु कोरियाचे युद्ध तीन वर्षे आणि अफगाणिस्तानातील जवळजवळ वीस वर्षे चालले. तेथे वेळ नव्हता असे म्हणता येत नाही. मतदान झाले म्हणजे निर्णय शहाणपणाचाच होतो, असेही नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील कारवाईस काँग्रेसने रीतसर संमती दिली होती आणि ज्या शस्त्रांच्या कारणास्तव ती दिली ती शस्त्रे सापडली नाहीत. पण कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे तेव्हा नोंदले गेले, आणि मतदारांना पुढे त्याचा हिशेब मागता आला.

आपल्या घटनेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. भारतात युद्धघोषणेसाठी संसदेचे पूर्वमतदान घटनेने आवश्यक मानलेले नाही. परंतु येथील मंत्रिमंडळ लोकसभेला दररोज जबाबदार असते. १९६२ च्या चीन युद्धात कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले व यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस पाचारण करण्यात आले. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांच्या ठराविक मुदतीसाठी येतो आणि अविश्वासाच्या ठरावाने तो जात नाही. म्हणून युद्धापूर्वीच्या मतदानाला तेथे विशेष मोल आहे.

यावरील उपाय घटनेतच सुचविलेला आहे. सैन्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळाकरिता द्रव्य मंजूर करू नये, असे घटनाकारांनी लिहून ठेवले. संमती वेळोवेळी नव्याने मागावी लागावी, हा त्यामागील विचार होय. तोच नियम युद्धाच्या प्रत्येक अधिकारपत्राला लावावा, शत्रू व प्रदेश त्यात नावानिशी लिहावेत, आणि मुदत संपताच नवे मतदान न झाल्यास द्रव्याचा पुरवठा आपोआप थांबावा. असे झाल्यास युद्ध चालू ठेवण्यासाठी हात वर करावा लागेल, आणि सिद्ध करण्याचा भार पुन्हा मूळ जागी येईल.