संगणकाला ताप आला तेव्हा...

मार्च संपत आला की आमच्या निपाणीत दुपारी पंखासुद्धा गरम वारा मारतो. त्यात घरामागे तंबाखूची वखार. तिथं चाळायचं काम लागलं की अख्खी गल्ली शिंकते! यंदा माणसांबरोबर घरचा संगणकही आजारी पडला.

मुलगा बेळगावला इंजिनिअरिंगला आहे. शनिवारी घरी आला की रात्री मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ खेळतो. खेळ रंगात आला की चित्र अडखळायचं आणि डब्यातला पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. “आई, प्रोसेसर म्हातारा झालाय. सगळंच नवं घेऊ या, पाण्याचं कूलिंगही,” त्यानं जाहीर केलं. त्याचा डोळा पुढच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांवर होता. मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात अबोला.

शेवटी मीच डबा घेऊन त्याच्याबरोबर बेळगावला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. तपकिरी भुकटी. “अक्कार, मोदल धूळ तगीरी. आमेल नोडूण.” निपाणीच्या बाईला तंबाखूची धूळ ओळखायला वेळ लागत नाही!

प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्यावर पंखा. पात्यांमधल्या फटी बुजल्या की पंखा कितीही फिरला तरी वारा आत जात नाही. आमचा ‘रायझन ५ २६००’ खेळताना ९४ अंशांवर जात होता. त्याची मर्यादा ९५. तिथं पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. अडखळण्याचं निम्मं कारण तेच. ब्लोअरनं धूळ उडवली, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, तापमान ७२ वर आलं. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, वाऱ्यानं गरगरा फिरू द्यायची नाहीत, हे त्यानं दोनदा बजावलं. आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत अजिबात घालायचा नाही. त्यानं निर्माण होणारी स्थिर वीज नाजूक भागांना मारते.

मुलगा म्हणाला, तरी थोडं अडतंच. मग खरी परीक्षा झाली. खेळात चित्राचा दर्जा मुद्दाम कमी केला. ग्राफिक्स कार्डामुळे अडत असेल तर असं केल्यावर वेग वाढतो. आमच्याकडे फारसा वाढला नाही, आणि कार्ड तर निम्मं रिकामंच बसलेलं दिसलं. म्हणजे प्रोसेसर खरंच कमी पडत होता. पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं.

पण म्हणून सगळंच नवं? एएमडीनं २०२२ मध्ये ‘एएम ५’ हा नवा सॉकेट आणला. त्यात जायचं तर मदरबोर्ड नवा आणि रॅमही डीडीआर ५, म्हणजे एका सुनेबरोबर अख्खं माहेर! आमचा बोर्ड ‘बी ४५०’, जुन्या ‘एएम ४’ सॉकेटचा. त्याच सॉकेटवर २०२२ मध्येच आलेला ‘रायझन ५ ५६००’ बसतो. कोर सहाच, वीज तशीच ६५ वॅट वर्गातली, पण प्रत्येक कोरचं काम कितीतरी जलद. मुलाला ‘५८००एक्स३डी’ हवा होता. खेळासाठी तो सरस, त्यात ९६ एमबी कॅश आहे, ५६०० मध्ये ३२. पण तो १०५ वॅटचा आणि डब्यात कूलर येत नाही. आमच्या हवेत आणि आमच्या खिशात ५६०० बरा, असं ठरलं.

आता पाण्याचं कूलिंग. माझ्या डोळ्यांपुढे माठ होता. पण माठाचं पाणी पाझरून वाफ होते, म्हणून ते खोलीपेक्षा गार होतं. इथलं पाणी बंद नळीत फिरतं आणि उष्णता रेडिएटरवर नेऊन खोलीतच सोडतं. खोली ३६ अंशांवर असेल तर ते ३६ च्या खाली नेऊ शकत नाही. शिवाय रेडिएटरच्या फटीतही आपली तंबाखू बसणारच, आणि पंप गेला की बहुधा अख्खा संचच बदलायचा. उभ्या टॉवर कूलरचा फक्त पंखा बिघडतो. ५६०० बरोबर छोटा कूलर फुकट येतो, त्यावरही भागतं, पण उन्हाळ्यात तो गोंगाट करतो. आम्ही १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर घेतला. आधी डब्याची रुंदी मोजली हे बरं झालं, कारण असे कूलर साधारण १५५ मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद डब्याचं झाकण लागत नाही.

सर्वांत जास्त भीती मला बायोसची वाटली. नव्या प्रोसेसरची ओळख जुन्या बोर्डाला आधी करून द्यावी लागते, तीही जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आमच्याकडची वीज तुम्हाला ठाऊकच आहे! इन्व्हर्टर पूर्ण भरला, घरातले बाकीचे दिवे बंद केले आणि मग पोरानं बटण दाबलं. ती पाच मिनिटं देवासमोर उदबत्ती लावून मी बाहेरच बसले होते.

जुना कूलर काढण्यापूर्वी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार केली. मग वर न ओढता हलकेच पिळून सोडवला. नाहीतर एएम ४ चा प्रोसेसर कूलरला चिकटून उपसून येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी, जास्त नाही.

आता खेळताना तापमान सत्तरीच्या आत राहतं. डबा टेबलाच्या बंद कप्प्यातून काढून पाटावर ठेवलाय, वखारीकडची खिडकी रात्री बंद असते. फीचे पैसे जागेवर आहेत. पुढच्या वारा ओढणाऱ्या पंख्यावर बारीक जाळी बसवली, ती दर पंधरवड्याला मी धुते. पूर्ण वाळल्याशिवाय मात्र परत लावायची नाही, पावसाळ्यात तर दोन दिवस लागतात.