तुरीच्या मुळावरच्या गाठी

गावाकडे एकर-दीड एकर जमीन असली की पेरणीच्या दिवसांत घरात पहिली काळजी युरियाच्या गोणीची. म्हणून वाचक बंधू-भगिनींना आम्ही एक गोष्ट करून पाहायला सांगतो. पेरणीनंतर दीडेक महिन्याने तुरीचे एक झाड खणून काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतील. मुळावरची एक गाठ नखाने फोडा. आत लालसर दिसली तर ती कामावर आहे.

या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत शंभरात 78 भाग नत्र, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. जिवाणू ते घेण्याजोगे करून देतात, झाड त्यांना साखर पुरवते. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी 1888 साली हे सविस्तर मांडले. आपल्याकडे ज्वारीत तुरीची तासे त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होती!

मात्र दाणा बाजारात गेला की बरेचसे नत्रही त्याच्याबरोबर जाते. जमिनीला उरतो गळलेला पाला आणि मुळे. बुरशी, जिवाणू, गांडुळे ते कुजवतात आणि त्यातले नत्र पुढच्या पिकाला हळूहळू मिळते. तुराट्या चुलीला लागतातच, त्या नेऊ नका असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? पण तूर बुडख्याशी कापा, मुळे जमिनीत राहू द्या, पाला पेटवू नका. आणि तुरीला युरियाचा मारा नको. आयते नत्र मिळाले की झाड गाठीच कमी धरते, मग फुकटचे सोडून विकतचे घेतल्यासारखे होते.