सालीपायी संकटात सापडलेला सीताअशोक

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील गृहसंकुलांच्या कुंपणालगत रांगेने उभा असलेला, लांब व लहरी कडांच्या पानांचा जो सरळसोट वृक्ष सर्रास ‘अशोक’ म्हणून ओळखला जातो, तो सीताफळाच्या कुळातील आसुपालव होय. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात ज्याच्या फुलण्याला महत्त्व आहे आणि आयुर्वेदात ज्याची साल सांगितली आहे, तो सीताअशोक चिंच-गुलमोहोराच्या शिंबी कुळातला, बेताच्या उंचीचा, डेरेदार आणि सदाहरित वृक्ष आहे.

त्याच्या फुलाला पाकळ्या नसतातच. पाकळ्यांसारखी दिसतात ती चार संदले, म्हणजे एरवी फुलाचे बाहेरचे हिरवे आवरण असणारी दले, येथे रंगीत झालेली असतात. उमलताना ती पिवळसर नारिंगी असतात आणि पुढे लाल होत जातात, त्यामुळे एकाच गुच्छात दोन्ही छटा दिसतात आणि त्यांतून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. हे गुच्छ जुन्या, जाड फांद्यांवरही थेट फुटतात. कोवळी तांबूस पालवी लुळी होऊन खाली लोंबते आणि हिरवी होताना ताठ होते. हे रूप एकदा नीट पाहिलेला माणूस आसुपालवाला अशोक म्हणणार नाही.

सह्याद्रीच्या दमट रानातील ओढ्यांचे काठ आणि श्रीलंका बेटावरील जंगले हे त्याचे मूळ घर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 1998 मध्ये त्याची नोंद ‘असुरक्षित’ जातींत केली. अधिवास घटत गेला हे खरेच, परंतु मोठा घाव सालीच्या मागणीचा आहे, कारण स्त्रियांच्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या अशोकारिष्टात ती मुख्य घटक असते. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की तिच्या आतील परिकाष्ठ, म्हणजे पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचवणारा थर, तुटतो आणि मुळे उपाशी राहून झाड मरते. साल दुर्मीळ झाल्यावर तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होऊ लागली, तेव्हा या दोन झाडांमधील गल्लत रुग्णाच्या औषधापर्यंत पोहोचली.

ठाण्याची दमट हवा आणि भरपूर पाऊस सीताअशोकाला मानवतो, फक्त उन्हाळ्यात पाणी आणि लहानपणी सावली मिळायला हवी. उद्यानातील झाडे रानाची जागा घेऊ शकत नाहीत, मात्र औषधासाठी मुद्दाम केलेली लागवड रानातील झाडांवरचा ताण कमी करू शकते. बियांची रुजण्याची शक्ती लवकर ओसरते, म्हणून पिकलेल्या शेंगांतील बी साठवून न ठेवता ताजेच पेरावे लागते.