कातीव

लाटणे, भोवरा, पाळण्याचे खांब ही आपल्या घरांतली कातीव कामे. लाकूड गरगर फिरवीत त्यावर हत्यार धरून त्याला गोलाई आणणारा तो कातारी. आम्ही मराठीचे अध्यापक ‘कातीव’ या शब्दाची वर्गात तारीफ करतो; कातारी मात्र आमच्या ओळखीचा नसतो. त्याचाच लोखंडातला भाऊबंद म्हणजे लेथवरचा टर्नर. त्याची माझी गाठ पडली ती भाच्यामुळे.

दहावीला चांगले गुण मिळवूनही चिरंजीवांनी आयटीआयमध्ये दोन वर्षांच्या टर्नरच्या अभ्यासक्रमाला जाण्याचा हट्ट धरला. “हात काळे करायला का याला वाढवला? दादा, तूच समजाव,” धाकटी बहीण रडवेली होऊन म्हणाली. समजावण्यापूर्वी पाहावे तरी, म्हणून भाच्याला घेऊन मी धायरीतल्या एका लहानशा कारखान्यात गेलो.

तिथे तीस वर्षे लेथ चालवणारे एक काका होते. बाह्या आखूड, बोटात अंगठी नाही आणि हातात मोजेही नाहीत! मला नवल वाटले. “मोजा फिरत्या दांड्यात अडकला, तर मागोमाग हात जातो, सर.” पोलादी दांडा चकमध्ये आवळून त्यांनी आधी चकची चावी काढून ठेवली, मगच यंत्र सुरू केले. टूल टेकताच कुरळी, निळसर शेव निघू लागली. मी कौतुकाने हात पुढे केला, तर काका ओरडलेच! ती शेव भाजते आणि कापतेही. ती आकड्यानेच ओढायची.

खरी मौज मापात आहे. टूल एक दशांश मिलिमीटर आत सरकवले की दांड्याचा व्यास दोन दशांशांनी उतरतो, कारण दांडा फिरता असल्याने काप दोन्ही अंगांनी जातो. शिवाय 30 मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा 50 अंशांनी तापला, तर सुमारे दोन शतांश मिलिमीटर फुगतो. गरम असताना मायक्रोमीटर लावून ‘बरोबर’ म्हणाल, तर निवल्यावर तो कमी भरतो. “जास्त राहिला तर आणखी काढता येतं. कमी झाला की भंगार.” आम्ही उत्तरपत्रिकेत कृपागुण देतो, इथे ती सोय नाही.

हजारो एकसारखे भाग आता सीएनसी यंत्रे काढतात; दुरुस्तीचा, एखाददुसरा भाग हातच्या लेथवर येतो. “पण टूल झिजल्याचा आवाज ज्यानं हातानं कातलंय, त्यालाच आधी ऐकू येतो,” काका म्हणाले. भाचा कान देऊन उभा होता.

परतताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. मुंबईच्या तंत्रशाळेतली मास्तरकी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, लोखंडी नांगर घडवले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे 1941 साली हरिहरला किर्लोस्करांचा लेथ बनवणारा कारखाना निघाला आणि 1946 साली आपल्या खडकीत इंजिनांचा. असली चरित्रे आपण मुलांना हौसेने भेट देतो. पण मुलाने ती मनावर घेतली, की आपले धाबे दणाणते!

“काय, समजावलंस ना?” बहिणीने विचारले. “मीच समजून आलो,” मी म्हटले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

यंदा दिवाळीला भाच्याने स्वतः कातलेला पायऱ्या-पायऱ्यांचा छोटा दांडा घरी आणला. बहिणीने तो पुसून फराळाच्या ताटाशेजारी ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. चिरंजीव मात्र हिरमुसलेले. मधली पायरी दोन शतांशांनी कमी भरली होती.