पाहुण्याची चाल

शस्त्रांनी लढायचा ‘सोलकॅलिबर २’ हा जपानी गेम २००३ साली घरच्या कन्सोलवर आला, तेव्हा प्रत्येक कन्सोलच्या वाट्याला बाहेरचं एक वेगळं पात्र पाहुणा म्हणून आलं: गेमक्यूबला ‘झेल्डा’ गेममधला लिंक, प्लेस्टेशन २ला ‘टेकन’ गेममधला हेइहाची, एक्सबॉक्सला कॉमिक्समधला स्पॉन. हा विक्रीचा डाव होता, हा आक्षेप खराच आहे. पण लिंक तिथे इतका शोभला का, हे त्यातून कळत नाही. ढाल-तलवारीसोबत तो धनुष्य, बॉम्ब आणि बूमरँगही वापरतो. यजमानाचे नियम पाळून स्वतःची चाल जपतो. पाहुण्याची कसोटी हीच. याच मालिकेच्या २००८मधल्या चौथ्या भागात ‘स्टार वॉर्स’चा योडा आला. तो इतका बुटका, की त्याला पकडून आपटताच येत नाही. मूळ पात्राशी इमान राखलं गेलं, पण लढतीतला एक महत्त्वाचा डाव बाद झाला.

परकी पात्रं आली की गेमचं स्वतःचं जग विस्कटतं, असंही म्हणतात. कथाप्रधान गेमपुरतं ते मला पूर्ण पटतं. लढतीच्या गेममध्ये मात्र पात्राची ओळख त्याच्या हालचालीतूनच होते. म्हणून कंपन्यांनी पाहुणा निवडताना त्याच्या नावाआधी त्याच्या चाली पाहाव्यात.